भांड्यांखालची नावं

मेपल रस्त्याच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत आमची अकरा घरं झाली होती. आर्डेल काठीवर दोन्ही हात टेकवून उभी राहिली. मी काखेतली घडीची खुर्ची उघडून तिच्या मागे सरकवली, पण ती काही बसेना.

"बसले तर लोकांना वाटेल मलाही विकायला ठेवलंय," ती म्हणाली. "कुणीतरी येऊन भाव विचारेल."

"सांगीन मी, खुबा नवा आहे, बाकी सगळं जुनं."

"खुब्याचे वेगळे पैसे लाव."

एवढं बोलून मग बसली.

मे महिन्यातला पहिला शनिवार होता, साल दोन हजार एक. आमच्या गावात त्या दिवशी सगळेजण एकदमच गॅरेज सेल मांडतात, म्हणजे घरातलं नको असलेलं सामान विकायला काढतात. विस्कॉन्सिनचा हिवाळा माणसांना सामानासकट घरात कोंडून ठेवतो. लायलॅकच्या झुडपांना कळ्या धरल्या की माणसं आणि सामान दोन्ही अंगणात येतात. सकाळी सातपासून गाव घरोघर हिंडत असतं, काहीतरी स्वस्तात मिळेल म्हणून. आर्डेल मात्र घ्यायला निघाली नव्हती. तिची स्वतःची एक्केचाळीस भांडी गावातल्या निरनिराळ्या घरी जाऊन पडली होती, ती बघायला निघाली होती. परत आणायला नव्हे. ती कुणाला खरंच हवी आहेत का, एवढंच तिला बघायचं होतं. जूनअखेर तिला घर सोडून वयस्कांसाठी बांधलेल्या इमारतीत दोन खोल्यांत जायचं होतं. मागे जे उरेल ते लिलावात जाणार. आणि लिलाव म्हटलं की आर्डेल गप्प व्हायची. ते का, हे मला त्या दिवशीच कळलं.

आर्डेल ट्रेप्टो आमची शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं रांधलेली. नवरा मर्विन जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा डेल टेक्ससला. उंच, मोठ्या हाडाची बाई, आणि आवाज असा की अगदी शेवटच्या टेबलावरच्या मुलाला जागेवरूनच "गाजर संपव" म्हणून सांगायची. तिला नावाने हाक मारायला मला दोन वर्षं लागली. माझ्या आईहून मोठी बाई, तिला नुसतं आर्डेल कसं म्हणायचं? पण मिसेस ट्रेप्टो म्हटलं की ती मागे वळून बघायची. "सासू आली वाटतं," म्हणायची.

एक्क्याण्णव साली आम्ही या गावात राहायला आलो. ह्यांची नोकरी कागदाच्या कारखान्यात. एकाच्या पगारात घराचे हप्ते आणि दोन मुली. तिसऱ्या दिवशी आर्डेल लिंबाच्या वड्यांची ताटली घेऊन दारात. वड्या संपल्यावर ताटली घासताना बघितलं, तर तळाला कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं: आर्डेल टी. म्हणजे ताटली परत करायची. इथे चर्चच्या जेवणाला, मयताच्या जेवणाला प्रत्येकीच्या भांड्याखाली अशी पट्टी असतेच.

ताटली परत करायला मी गेले नाही, तीच न्यायला आली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावर दह्याचे रिकामे डबे छतापर्यंत रचलेले. मी कऱ्हाडची. धुतलेला डबा फेकून द्यायला हात धजावत नाही.

"यांची झाकणं कुठेयत?" तिने विचारलं.

"काहींची आहेत."

तिने एक डबा उचलून माझ्यापुढे धरला. "याला झाकण नाही. माझ्यासारखाच एकटा. पण मी निदान कामाला तरी येते. चल, बाहेर."

मी म्हटलं, दुकानातून प्लॅस्टिकची मोठी खोकी आणायचा विचार आहे, म्हणजे सगळं त्यात नीट बसेल. तर ती ओट्यावर बोट आपटून म्हणाली, "पसारा ठेवायला खोकी विकत आणणार? उंदरांना पलंग घेऊन देशील का? आधी पसारा कमी कर. उरेल त्याला लागणारं खोकं तुझ्या घरात आत्ताच आहे."

आणि होतंच. पुढचा सगळा हिवाळा ती रोज दुपारी यायची. एका दिवशी एकच खण. टेबलावर जुना पेपर पसरायचा, खण पालथा करायचा. त्या आठवड्यात ज्याला हात लागला ते आधी परत ठेवायचं, बाकीच्याने आपली बाजू मांडायची. सकाळच्या न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्सची खोकी आडवी कापून तिने खणाचे कप्पे केले. आइस्क्रीमच्या बादल्यांत कांदे आणि बटाटे. बुटांच्या खोक्यात मसाल्याच्या पुड्या उभ्या, फायलींसारख्या. ज्याचा निर्णय होत नाही ते एका पेटीत भरायचं, पट्टीवर तारीख घालायची आणि माळ्यावर टाकायचं. वर्षभरात ती पेटी उघडावी लागली नाही, तर न उघडताच देऊन टाकायची. "उघडलीस तर संपलीस," ती म्हणायची.

देव ठेवलेल्या कपाटाशी आलो तेव्हा मी जरा कचरले. तिथे दहा वर्षांची कॅलेंडरं होती, प्रत्येकावर देवाचं चित्र. ती टाकणार कशी? मला वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. म्हणाली, "माझ्याकडे झावळ्या आहेत, ईस्टरआधीच्या रविवारच्या, येशूच्या तसबिरीमागे खोचलेल्या. वाळून भुगा झालाय. पण कचऱ्याच्या बादलीपर्यंत हात जात नाही." मग शर्टाचं एक सपाट खोकं आणून तिने कॅलेंडरं त्यात नीट सरळ करून ठेवली. "हे पसाऱ्यात मोडत नाही," म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना मी तिच्यासाठीही हात जोडले. आता तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी खण ओढला की पुठ्ठ्याचा कप्पा दिसतो आणि तिचा आवाज ऐकू येतो.

अशी ही शिस्तीची बाई, आणि तिच्या स्वतःच्या घरात दुसऱ्याच तऱ्हेच्या पट्ट्या होत्या. आपल्यामागे कुठली वस्तू कुणाला द्यायची, ते ती वस्तूच्या तळाला लिहून ठेवायची. इकडच्या बऱ्याच आया तसं करतात, म्हणजे पोरांची भांडणं नकोत. पण डेलने सांगून टाकलं होतं, "आई, मला काही नको, माझ्याकडे सगळं आहे." तेव्हा आर्डेलने मैत्रिणींची, चर्चमधल्या लोकांची नावं लिहिली. कुणी वारलं की पट्टीवर दुसरी पट्टी. काही भांडी तर त्या पट्ट्यांमुळे डुगडुगायची.

त्या जानेवारीत ती बर्फावर घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, मग सात आठवडे दुसऱ्या गावी फिजिओथेरपीच्या केंद्रात. ती घरी येईल तेव्हा स्वयंपाकघर लखलखीत असावं म्हणून चर्चमधल्या बायका तिचं घर साफ करायला गेल्या. पुढारी लवर्न, आर्डेलची साठ वर्षांपासूनची मैत्रीण. त्यांनी कपाटं रिकामी केली, भांडी पालथी घातली, आणि बघतात तर प्रत्येकाखाली कुणा ना कुणाचं नाव!

मयताच्या जेवणानंतर चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी राहिली की त्या काय करतात? नाव वाचतात आणि घरी पोचवतात. त्यांनी तेच केलं. दोन दिवसांत सगळी.

लवर्नने केंद्रात जाऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आर्डेल, रागावू नकोस, पण आख्ख्या गावाची भांडी होती गं तुझ्याकडे! एक्केचाळीस! आम्ही कुण्णाला काही बोललो नाही. गुपचूप पोचवली."

त्या रात्री आर्डेलचा मला फोन. "सुमा, माझं मयत उरकलं. मी तेवढी राहिले."

ज्यांना भांडी मिळाली त्यांनी तरी विचारावं की नाही? पण इथल्या माणसाच्या हातात कुणी भांडं ठेवलं की तो आभार मानतो. हे माझं नाही, असं म्हणत नाही. आणणाऱ्याला ओशाळं वाटेल ना. प्रत्येकाला वाटलं आपणच विसरलो. आणि आर्डेललाही लवर्नला खरं सांगता येईना. "तिने कपाटं आतून व्हिनेगर लावून पुसलीयत गं," ती म्हणाली. "आता तिला काय सांगू?"

म्हणून ही पायपीट. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. पहिल्या अकरा घरांत आम्हाला सात वस्तू दिसल्या. एका घरी तिच्या केकच्या साच्यात गॅरेजमधले खिळे होते. एका घरी तिची सुरई खिडकीत, फुलांसकट. त्या घरासमोर ती उगीचच जास्त वेळ थांबली. दोन घरी वस्तू नुसत्याच कोपऱ्यात ठेवलेल्या, आणलेल्या पिशवीतून बाहेरही न काढलेल्या. पिशवी दिसली की ती काठी जरा जोरात आपटायची.

बारावं घर रॉजर श्मेकेलचं. त्याने सेल मांडला नव्हता. तो मागच्या दारात उभा राहून आम्हाला आत बोलवायला लागला. "आर्डेल, ये, तुला काहीतरी दाखवायचंय. तुझ्याचकडे होतं ना ते!"

स्वयंपाकघरात टेबलाच्या मधोमध निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, ओव्हनमध्ये मांस भाजायचं मोठं भांडं. रॉजरची बायको एलेन वारून दोन वर्षं झाली होती.

"एलेनचं," तो म्हणाला. त्याने भांडं दोन्ही हातांनी उलटं करून दाखवलं. "पट्टी बघ. एलेन एस. तिचं अक्षर. मी सगळं देऊन बसलो होतो, मुली येऊन कपडेबिपडे सगळं घेऊन गेल्या. मग एक दिवस लवर्न हे घेऊन आली. पट्टी भिजू नये म्हणून मी बाजूबाजूनेच धुतो."

मी आर्डेलकडे बघितलं. पट्टीवरचं अक्षर आर्डेलचं होतं; एलेन गेल्यावर बदलायची राहून गेलेली पट्टी. तेच, माझ्या माळ्यावरच्या पेट्यांवरचं.

तिने चष्मा वर केला, वाकून नीट बघितलं. "हो रे," ती म्हणाली. "तिचा ई अस्साच असायचा."

"असायचा ना?"

"लांबूनही ओळखला असता."

बाहेर आल्यावर फाटकापाशी ती थांबली. "एलेनचा ई मी जन्मात बघितलेला नाही," म्हणाली, आणि नाक पुसलं.

तिथून लवर्नचं घर जवळच. लवर्नने गॅरेजपुढच्या ड्राइव्हवेवर सहा टेबलं लावली होती आणि स्वतः टोपी घालून मध्ये बसली होती.

"आर्डेल! चालत आलीस? कॉफी घे."

"नको."

"थोडी."

"नको गं, आत्ताच झाली."

"अर्धा कप?"

"बरं, अर्धा."

तिसऱ्या विचारण्याला हो म्हणायचं, हा इथला नेम. आमच्या कऱ्हाडसारखाच. माझ्या बाबतीत मात्र लवर्न दोनदाच विचारायची आणि मी उपाशी राहायचे.

लवर्न कॉफी आणायला वळली आणि मला तो दिसला. दुसऱ्या टेबलावर, लोकरीच्या गुंड्यांशेजारी, आर्डेलचा मोठा पिवळा वाडगा. पाव मळायचा, जाड, कडेला पांढऱ्या रेघा. वर चिठ्ठी: पन्नास सेंट. मी तो पालथा केला. खाली 'लवर्न'.

"तो?" लवर्न कप घेऊन येत म्हणाली. "देवाला माहीत कुठला. तुझ्याच कपाटात निघाला आर्डेल, खाली माझं नाव. म्हटलं, लवर्नबाई, संपलं, आता डोकं चाललं. कधी नेला होता तुझ्याकडे, काही म्हणता काही आठवत नाही. हवाय का तुला? घेऊन जा ना."

मी तोंड उघडलं. आर्डेलच्या काठीचं टोक माझ्या बुटावर आलं.

"नको," आर्डेल म्हणाली. "चांगला आहे. पण मला आता जागा कुठे?"

ती कॉफी घेऊन रस्त्यापलीकडच्या झाडाखाली गेली आणि म्हणाली, "खुर्ची टाक." मी टाकली. ती बसली आणि वाडग्याकडे बघत राहिली.

"सांगून टाक ना तिला," मी म्हटलं. "पन्नास सेंट! साठ वर्षांची मैत्रीण!"

"गप्प बस. बघू कोण घेतं."

एक बाई आली, वाडगा उचलला, वजन करून बघितलं, ठेवला. मग एक जोडपं. त्या मुलीने खालची पट्टी वाचली, नवऱ्याला काहीतरी म्हणाली, दोघं हसली, ठेवला. मग आणखी एक बाई. आर्डेलची कॉफी तशीच गार होत होती.

मग वाडग्यावरची नजर न हलवता ती बोलायला लागली. तिची आई अठ्ठावन्न साली गेली तेव्हा शेतावर लिलाव झाला. ट्रॅक्टर गेला, गाई गेल्या, कपाटं गेली. शेवटी खोकी राहिली, ज्यांत आईच्या खणांतलं सगळं भरलं होतं. दोऱ्यांचे गुंडे, बाटल्यांची झाकणं, इस्त्री करून घडी घातलेला भेटवस्तूंवरचा कागद. लिलाववाल्याने एक खोकं उचललं. एक डॉलर. कुणाचा हात वर नाही. त्याने त्यावर दुसरं ठेवलं. दोन्हींचा एक डॉलर. कुणी नाही. मग तिसरं. लोक हसायला लागले. गावातलेच लोक, आईच्या हातचा पाव खाल्लेले. चौथं खोकं ठेवलं तेव्हा मर्विनने हात वर केला.

"हा वाडगा तिसऱ्या खोक्यात होता," आर्डेल म्हणाली. "पेपरात गुंडाळलेला. कुणी बघितलंच नाही. तेव्हाच ठरवलं, माझं सामान असं एकावर एक रचून द्यायची वेळ येऊ द्यायची नाही. म्हणून तर सगळ्यांची घरं आवरत हिंडले. म्हणून पट्ट्या लावल्या."

समोर अजून एक माणूस टेबलाशी आला, तरुण, दाढीवाला, दोरीला तपकिरी कुत्रा. त्याने वाडगा उचलला, ठेवला, पुढे गेला. आर्डेलने श्वास सोडला. तो परत आला.

"पंचवीसला देता?"

"ने," लवर्न म्हणाली. "मला तरी कुठे माहितेय कुणाचा आहे."

त्याने तिथेच वाडगा जमिनीवर ठेवला, बाटलीतलं पाणी ओतलं, आणि कुत्रा चपचप करत पाणी प्यायला लागला.

"अगंबाई," मी म्हटलं. "कुत्र्याला!"

आर्डेलचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. "सुमा, माझ्याकडे तो वर्षातून एकदा निघायचा. नाताळला. आता दिवसातून दोनदा भरला जाईल. बघ कसा चाटतोय! आईच्या पावालासुद्धा कुणी असं चाटलं नाही."

तो माणूस वाडगा काखेत मारून गेला. रस्ता संपेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती.

आता उरलेली घरं बघायची का, विचारलं तर ती नको म्हणाली. "बास. एवढ्यानं मला कळलं." आम्ही घराकडे निघालो. अग्निशमन केंद्रापुढे लोक सॉसेज भाजत होते. तिथल्या बाकावर ती टेकली आणि मलाही शेजारी बसवलं.

"एक्केचाळीस नावं लिहिली मी," ती म्हणाली. "कुणाला काय हवं असेल ते माझं मीच ठरवलं. एकीलाही विचारलं नाही, की बाई, तुला हवाय का हा? लवर्नने आयुष्यात कधी पाव मळला नाही. माहीत होतं मला. तरी तिला वाडगा."

मी मान हलवली.

"तुझं नाव कशाखालीच नव्हतं. लक्षात आलं होतं तुझ्या?"

आलं होतं. त्या बायका दारोदार भांडी पोचवत होत्या तेव्हा माझ्या दाराची घंटा वाजली नव्हती. मी तेव्हा मनाला समजावलं होतं, आपण परक्या. तसं मी तिला बोलले नाही, पण खोटंही बोलवेना. "हो," म्हटलं.

"तुझं लिहायला चारदा पट्टी फाडली मी. पण तुला काय हवं असेल ते कळेचना. दहा वर्षं झाली, तुला विचारलं की तू नको म्हणतेस. जेवायला नको, न्यायला नको, गाडीतून सोडू का, नको. ते नको खरं कुठलं आणि तीनदा विचारायचं कुठलं, मला अजून कळलेलं नाही."

तिने काठी बाकाला टेकवली आणि माझा हात हातात घेतला. असं ती कधी करत नसे.

"उद्या चर्च सुटल्यावर ये. कपाटं, खण, माळा, सगळं उघडं ठेवते. उरलंय त्यातून फीर, हात लावून बघ, हवा तेवढा वेळ घे. काहीच नको वाटलं तर तसं सांग आणि रिकाम्या हाताने जा, मी रुसणार नाही. पण माझं मन राखायला म्हणून काही उचलू नकोस. आणि काही हवं वाटलं ना, तर पहिल्याच खेपेला हो म्हण. मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. एवढं करशील?"